काळ्या रोगणाची निगा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, तारकर्लीस, अलिबागेजवळ नागाव-काशीदच्या पुळणीवर अथवा गोव्यात कळंगुट-बागा येथे हंगामात ज्या जेट स्की भाड्याने फिरविल्या जातात, त्यांच्या रांगेत एखादी नवी काळी नौका आणि दोन-तीन हंगाम पाहिलेली तशीच दुसरी नौका शेजारी शेजारी उभ्या असल्या, तर गडद रंगाचा सारा स्वभाव तेवढ्यावरून ध्यानात येतो. नव्या नौकेच्या अंगावर माडांची प्रतिबिंबे झावळ्या मोजता येतील इतकी स्वच्छ उमटलेली असतात. जुनीच्या अंगावर प्रतिबिंब तर नसतेच, पण मूळचा काळा रंगही राहिलेला नसतो, राखेची पुटे चढावीत तसा एक करडा थर तिच्यावर पसरलेला असतो. तितकेच ऊन आणि तितकेच खारे पाणी सोसलेली पांढरी नौका मात्र त्याच रांगेत फारशी निस्तेज झालेली भासत नाही. एवढा मोठा फरक का पडावा, आणि काळ्या नौकेचे गेलेले तेज परत आणणे कितपत शक्य आहे, या गोष्टी नीट समजून घेतल्यावाचून जो मालक थेट बाजारात जाऊन पॉलिशचा डबा घेऊन येतो, तो पुष्कळदा नौकेचे आयुष्य वाढविण्याऐवजी कमी करतो.

हे वाहन तसे अर्वाचीन आहे. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटारसायकलस्वाराने १९६० नंतरच्या दशकात त्याची कल्पना रचली, कॅनडातील बोंबार्डिए कंपनीने १९६८ साली ‘सी-डू’ या नावाने पहिला नमुना विक्रीस आणला, आणि पुढे जपानच्या कावासाकीने ‘जेट स्की’ हे आपले व्यापारी नाव इतके रूढ केले की आज कोणत्याही कंपनीच्या नौकेला लोक तेच नाव देतात. रोगणाच्या दृष्टीने यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, हिचे अंग लोखंडी पत्र्याचे नसून बहुधा काचतंतू आणि राळ यांच्या मिश्रणाचे, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो त्याचे, असते. त्यावर एक तर जेलकोट नावाचा रंगीत राळेचा थर असतो, जो सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड भरतो; किंवा मोटारीप्रमाणे आधी रंगाचा व त्यावर ‘क्लिअर’ म्हणतात त्या पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, आणि या क्लिअरची जाडी ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सारे या कमी जाडीपाशी येऊन थांबते.

काळा रंग गेला कोठे, याचे उत्तर रंगद्रव्यात शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. काळ्या रोगणातील रंगद्रव्य काजळीच्याच जातीचे, म्हणजे अतिसूक्ष्म कार्बन असते, आणि उन्हापुढे टिकून राहण्यात कार्बनाची बरोबरी करणारी रंगद्रव्ये फार थोडी आहेत. तांबडा अथवा पिवळा रंग फिका पडतो तेव्हा पुष्कळदा त्यातील सेंद्रिय रंगद्रव्याचे रेणूच मोडलेले असतात. काळ्याच्या बाबतीत रंगद्रव्य शाबूत असूनही रंग गेल्यासारखा दिसतो. याचे कारण प्रकाशाच्या हिशेबात आहे. कोणत्याही रोगणावर प्रकाश सरळ पडला की त्यातील सुमारे ४ टक्के भाग वरच्या वर परत फिरतो, आणि हा हिस्सा रोगणाच्या रंगावर मुळीच अवलंबून नसून हवा आणि राळ यांच्या वक्रीभवनांकांतील अंतरावर अवलंबून असतो. उरलेला प्रकाश आत शिरतो. पांढऱ्या रोगणात तो बहुतांशी पुन्हा बाहेर फेकला जातो, म्हणून वरच्या ४ टक्क्यांची कोणाला दादही लागत नाही. काळ्या रोगणात तो जवळजवळ संपूर्ण शोषला जातो, आणि डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो केवळ पृष्ठभागावरून परतलेला तेवढा अल्पांश. पृष्ठभाग गुळगुळीत असला तर हा अल्पांश एकाच ठरावीक दिशेने जातो. त्या दिशेस डोळा असेल तर माडाचे प्रतिबिंब दिसते, नसेल तर निखळ काळेपण दिसते. पृष्ठभाग खडबडीत झाला की तोच अल्पांश दाही दिशांना विखुरतो, कोठूनही पाहिले तरी त्यातील काही भाग डोळ्यांत येतो, आणि काळ्यावर करड्या रंगाचा पडदा चढल्याचा भास होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढी सूक्ष्म असल्यामुळे, बोटांना ज्याचा पत्ता लागत नाही असा, मायक्रॉनच्या अंशाइतका खडबडीतपणाही या नासाडीला पुरेसा होतो.

पूर्वी शाळांतून दगडी पाट्या असत, त्या ओल्या फडक्याने पुसल्या की काळ्याभोर दिसत आणि वाळल्या की पुन्हा करड्या होत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक प्रमाण नको. पाण्याने बारीक खाचा भरल्या, पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट झाला, आणि दगडाचा स्वतःचा रंग दिसला, इतकेच त्यात घडते. जेट स्कीच्या बाबतीत हीच परीक्षा फार उपयोगाची आहे. धुऊन वाळविलेल्या नौकेच्या निस्तेज भागावर ओले बोट फिरवावे. ओल असेपर्यंत तो पट्टा काळाभोर दिसला आणि वाळताच करडा झाला, तर झालेली हानी वरच्या पृष्ठभागापुरती असून ती घासून सुधारण्याजोगी आहे. ओला असतानाही पांढुरका डाग तसाच राहिला, तर क्लिअर आतून फुटले आहे अथवा खालच्या थरापासून सुटले आहे, आणि तेथे कोणत्याही पॉलिशचा इलाज चालावयाचा नाही. कोणताही डबा उघडण्यापूर्वी ही परीक्षा करावी, हा माझा आग्रह आहे. कारण ती न करता केलेल्या खर्चाइतका वायफळ खर्च या कामात दुसरा नाही.

पृष्ठभाग खडबडीत होण्याची कारणे अर्थातच ऊन, मीठ आणि वाळू. उन्हातील अतिनील किरण राळेच्या रेणूंमधील बंध तोडतात, तुटलेल्या टोकांवर हवेतील प्राणवायू चढतो, आणि एकेका थराने राळ ठिसूळ होऊन तिची पूड सुटू लागते; जुन्या जेलकोटवर हात फिरविला असता तळव्याला जी भुकटी लागते ती हीच. उत्पादक राळेमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळतात, परंतु तीही कालांतराने खर्ची पडतात. कोकणचा पर्यटनाचा ऐन हंगाम आणि उन्हाचा ऐन कडाका एकाच वेळी यावा, हे या नौकांचे दुर्दैव आहे: मालवणच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, आणि कोरडी पुळण आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के वर परतवून नौकेच्या बाजूंनाही पोचविते. त्यातून काळा रंग उष्णता शोषतो. पांढऱ्या नौकेच्या मानाने काळीचे अंग कितीतरी अधिक तापते, आणि तापलेले रोगण मऊ पडते, त्यातील रासायनिक क्रिया वेगाने चालतात, व पक्ष्याची विष्ठा पडून वाळली तर ती मऊ रोगणाला ओढून धरीत आकसते आणि आपला ठसा कायमचा उठवून जाते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तापलेल्या काळ्या अंगावर उडालेला तुषार पाहता पाहता वाळतो आणि त्याच्या जागी पांढरे कडे उरते. हे मीठ रोगणाला आम्लाप्रमाणे जाळीत नाही. त्याचा उपद्रव निराळा आहे. क्षारांतील मॅग्नेशियमाचे लवण हवेतील ओल धरून ठेवते, आणि कोरडे स्फटिक फडक्याखाली सापडले की ते रोगणावर फिरतात. वाळूचे तर बोलावयासच नको, कारण क्वार्ट्झच्या कणापुढे कोणतेही रोगण मऊच. पुळणीवर ओढून लावलेल्या नौकेवरील वाळूमिठाची धूळ खिशातील रुमालाने अथवा गमछ्याने कोरडीच पुसून काढण्याचा जो शिरस्ता सर्वत्र दिसतो, त्याने एका हंगामात नौकेचे जेवढे नुकसान होते तेवढे उन्हाने दोन हंगामांत होत नसावे असे मला वाटते.

या पुसण्याचा पुरावा पाहावयाचा असेल तर काळ्या नौकेवर सूर्याचे जे प्रतिबिंब पडते त्याच्या भोवती निरखून पाहावे: कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार बारीक ओरखडे त्याच्याभोवती गोल धरून उभे असलेले दिसतात, आणि आपण बाजूला सरकलो की ती वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. वास्तविक ओरखडे वर्तुळाकार नसतात. ते सर्व दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात, परंतु प्रतिबिंबाच्या परिघाशी समांतर असणारेच तेवढे आपल्या डोळ्यांकडे प्रकाश परतवितात, बाकीचे अदृश्य राहतात. म्हणून पुसणाऱ्याचा हात गोल फिरला की सरळ, यावर ती वर्तुळे अवलंबून नाहीत. मात्र हात सरळ रेषेत फिरविला तर उठणारे ओरखडे एकाच दिशेचे राहून कमी नजरेस येतात, एवढा लाभ निश्चित आहे.

धुण्याची रीत यावरून आपोआप ठरते. नौका सावलीत आणावी, तिचे अंग हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, आणि फडके लावण्यापूर्वी भरपूर गोडे पाणी वरून खाली सोडून मीठ व वाळू वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर गाडी धुण्याचा सौम्य शॅम्पू एका बादलीत व नुसते पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, मऊ मायक्रोफायबरचे फडके प्रत्येक हातानंतर दुसऱ्या बादलीत खळखळून मग पहिल्या बादलीत बुडवावे, म्हणजे निघालेले कण पुन्हा रोगणावर चढत नाहीत. भांड्यांची पावडर व धुण्याचा सोडा या कामी वर्ज्य समजावा. ती मेणाचा थर धुऊन नेतात. अखेरीस पाणी उन्हात वाळू न देता दुसरे जाड मायक्रोफायबर अंगावर दाबून टिपून घ्यावे. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील चुन्याचे पांढरे डाग मागे राहतात. सिरका आणि पाणी समभाग घेऊन ते डाग हलक्या हाताने पुसावेत आणि लागलीच गोड्या पाण्याने धुवावे. पेट्रोल भरताना सांडलेला थेंब तर त्याच क्षणी पुसला पाहिजे.

धुतलेल्या रोगणावर काहीतरी आवरण हवे, आणि ते रोगणाऐवजी झिजणारे हवे. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण यासाठी फार पूर्वीपासून वापरात आहे. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण, सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारे, तर मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांतच पातळ होते. काळ्या रंगाला कार्नोबा जी गहिरी तकाकी देते तिची वाखाणणी करावी तेवढी थोडी, परंतु खाऱ्या पाण्यात रोज राबणाऱ्या नौकेवर ते फार दिवस टिकत नाही आणि हंगामात वरचेवर लावावे लागते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट त्याहून अधिक काळ टिकते. सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेपांचा आज मोठा बोलबाला आहे. ते टिकाऊ असतात, पाणी त्यांवर ठरत नाही, धुणे सोपे होते, हे सर्व खरे. तथापि त्यांचा थर अतिशय पातळ असल्यामुळे वाळूचा ओरखडा त्यांनी अडविला जाईल ही अपेक्षा बाळगू नये, आणि खालचा पृष्ठभाग आधी निर्दोष करून घेतल्याशिवाय ते चढवूही नयेत, कारण खालचे दोष त्या लेपाखाली तसेच राहतात. खोबरेल किंवा डिझेल पुसून आणलेली चमक ही ओल्या पाटीचीच चमक होय; खाचा तेलाने भरतात म्हणून रंग काळा दिसतो, दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ चिकटते आणि पुसताना तीच धूळ रोगण घासते. आणखी एक ताकीद येथेच देणे अवश्य आहे: आसन, हँडल आणि पाय ठेवण्याचे तळ यांवर मेण किंवा तेल कदापि लावू नये; तकाकीच्या हव्यासापायी स्वार घसरून पडेल.

आता निस्तेज झालेल्या रोगणाच्या जीर्णोद्धाराकडे वळू. त्याचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे खडबडीत झालेला वरचा थर काढून टाकून खालचा निरोगी थर उघडा करणे आणि त्याला जिल्हई देणे. रोगणात आपण भर काहीच घालीत नाही. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन कमी करतो, आणि ते परत येत नाहीत. मोटारीच्या रंगकामात क्लिअरमधून सात-आठ मायक्रॉनपेक्षा अधिक घासू नये असा सर्वसाधारण दंडक मानतात, कारण त्यापलीकडे अतिनील किरणांपासून होणारे संरक्षण फार घटते. मोटारीचा कारागीर हातातील मापकाने जाडी मोजू शकतो; परंतु ते नेहमीचे मापक धातूच्या पत्र्यावरच चालते, फायबरवर त्याचा उपयोग नाही, आणि फायबरवर चालणारे श्राव्यातीत ध्वनिलहरींचे मापक आपल्याकडच्या गॅरेजांतून विरळा. तेव्हा जेट स्कीवर काम करणाऱ्याने, आपण आंधळेपणाने घासत आहोत असे समजूनच, कमीत कमी घासण्याचा निश्चय ठेवावा.

म्हणून सुरुवात सर्वांत सौम्य साधनाने करावी. सहसा नजरेस न येणाऱ्या एखाद्या हातभर जागेवर बारीक पॉलिश फोमच्या पॅडने लावून पाहावे. तेवढ्याने काळेपण परतले तर पुढे जाण्याचे कारणच उरत नाही. न परतले तर रबिंग कंपाउंड, आणि तरीही खोल ओरखडे राहिले तरच त्या ओरखड्यांपुरता २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून. २००० नंबरच्या कागदावरील कण सरासरी १० मायक्रॉनचे असतात, तेव्हा कागदाने घासलेला भाग आधी अधिकच करडा दिसणार, हे गृहीत धरून मग कंपाउंड आणि शेवटी पॉलिश असा उतरत्या क्रमाने प्रत्येक टप्प्याचा ओरखडा पुढील टप्प्याने पुसत यावे. पहिल्या फेऱ्यांनंतर पॅडचा रंग पाहावा: तो काळा झाला असेल तर आपण रंगीत थरच, बहुधा जेलकोट, घासत आहो, पांढराच राहिला असेल तर वर क्लिअर आहे, आणि काम चालू असता पांढऱ्या पॅडवर अकस्मात काळा रंग उमटला तर क्लिअर भेदले गेले असे समजून हात तत्काळ आवरावा.

यंत्राने बफिंग करताना दोन ठिकाणी विशेष जपावे लागते. पहिले म्हणजे कंगोरे. ओले रोगण धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळून जाते, म्हणून तेथे थर मुळातच पातळ असतो. जेट स्कीच्या अंगावर असे कंगोरे पुष्कळ, त्या सर्वांवर मास्किंग टेप लावून घ्यावी. दुसरे म्हणजे उष्णता. पोलादाच्या पत्र्यावर घर्षणाची उष्णता पसरून जाते. फायबर उष्णता वाहून नेण्यात पोलादाहून शंभरपटीने मागे असल्यामुळे ती जागच्या जागी साचते, आणि बफ क्षणभर अधिक वेळ एका ठिकाणी थांबला तर रोगण भाजते. दर थोड्या वेळाने तळहात लावून पाहावा, यंत्राचा वेग कमी ठेवावा, आणि नवख्याने वेगाने गोल फिरणाऱ्या यंत्राऐवजी डोलत फिरणारे यंत्रच हाती घ्यावे. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने तो भाग पुसावा. पुष्कळ पॉलिशांमध्ये खाचा भरून टाकणारे तेलकट पदार्थ असतात, ते निघून गेल्यावर जे दिसेल तेच आपल्या श्रमाचे खरे फळ. त्यानंतरच मेण अथवा लेप चढवावा.

नौकेवरील खरखरीत काळ्या प्लॅस्टिकच्या भागांना मात्र हे काहीही लागू नाही. त्यांवर रोगण नसतेच, रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो. सी-डूच्या स्पार्क या नमुन्यात तर नौकेचे अंगच काचतंतुमिश्रित पॉलिप्रॉपिलीनचे आहे. अशा पृष्ठभागावर कंपाउंड गेले की ते खरखरीत दाण्यांत अडकून पांढरे वाळते व निघता निघत नाही, म्हणून तेही भाग आधी टेपने झाकावेत आणि त्यांना प्लॅस्टिकसाठी असलेले निराळे द्रव्य लावावे.

ओल्या बोटाच्या परीक्षेत जेथे क्लिअर सुटलेले आढळले, तेथे तो भाग घासून, खोल खळगे लांबीने भरून, पुन्हा रंगविणे एवढाच मार्ग राहतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रोगणात आयसोसायनेट असते, त्याचा फवारा श्वासावाटे गेल्यास दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणे धोक्याचे आहे. ते बंदिस्त खोलीत, योग्य श्वसनयंत्र लावून काम करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, आणि त्याच्याकडे ती सोय नसेल तर दुसरा कारागीर पाहावा.

पावसाळ्यात किनाऱ्यावरील जलक्रीडा सरकारी हुकुमाने बंद असतात आणि नौका कित्येक महिने छपराखाली पडून राहतात. त्या वेळी खारट अंगावर तशीच ओढलेली प्लॅस्टिकची ताडपत्री ओल कोंडून ठेवते, वाऱ्याने फडफडत राहते आणि मिठासकट रोगणावर घासत राहते; ऑगस्ट सरल्यावर ती काढली की मालक उन्हाला दोष देतो. जेट स्की बाळगणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की, मेच्या अखेरीस नौका आत घेताना ती गोड्या पाण्याने निथळून धुवावी, पूर्ण वाळवावी, मेणाचा एक थर द्यावा, आणि हवा खेळेल असे सुती अस्तराचे आवरण घट्ट बांधून घालावे. या कामाला एक सकाळ पुरते.